अमावास्येचा ताप आणि हत्तीरोगाची गोळी

गडचिरोली जिल्ह्यातील एका उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावात हत्तीपायाचे सात रुग्ण आहेत, तरीही गावातील सर्वांना हत्तीरोगाच्या गोळ्या देण्याच्या वार्षिक मोहिमेच्या वेळी निम्मी घरे गोळ्या नाकारतात किंवा घेऊन ठेवतात आणि खात नाहीत. हा रोग घराण्यातून येतो, अमावास्या-पौर्णिमेला चढतो, बांधीच्या (भातखाचराच्या) चिखलातून लागतो, असे लोक मानतात. गोळीने पुरुषत्व जाते, असेही बोलले जाते. डासांविषयी मी तीन वेळा सभा घेऊन समजावले. ही अंधश्रद्धा कशी घालवावी?"

पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या कामात मी सव्वीस वर्षे घालवली. त्यांतील पहिली सात-आठ वर्षे रात्री दारोदार फिरून बोटातून रक्ताचे थेंब घेण्यात गेली. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमच्या गावाची अडचण डासांविषयीचे अज्ञान ही नाही. सभेत "हत्तीरोग कशाने होतो?" असे विचारले तर लोक "डासाने" असेच सांगतील, कारण ते भिंतीवर रंगवलेले असते आणि आशाताई ते दर वर्षी सांगतात. परंतु एखाद्या आजीच्या अंगणात बसून "तुमचा पाय पहिल्यांदा कधी सुजला, त्या वेळी काय झाले होते?" असे विचारा. मग ती रोवणीचा (भातलावणीचा) हंगाम, जांघेत आलेले अवधाण (दुखरी गाठ), थंडी वाजून भरलेला ताप, त्या रात्रीची अवस असे सगळे सांगेल आणि त्यात डास कुठेही येणार नाही. पहिले उत्तर सरकारला दिलेले असते, तर दुसरे स्वतःच्या शरीराविषयीचे असते, आणि गोळी खायची की नाही हे दुसऱ्या उत्तरावर ठरते. म्हणून खरा प्रश्न असा मांडावा लागेल: लोकांनी स्वतः पाहिलेल्या गोष्टींशी आपले सांगणे जुळत का नाही?

काही गोष्टी तुमच्या गावच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून सांगता येणार नाहीत. ते सातही रुग्ण खरोखर हत्तीरोगाचेच आहेत का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आधी पाहून घ्या. हृदय, मूत्रपिंड किंवा शिरांच्या आजारानेही पाय सुजतात, आणि चुकीच्या शिक्क्याने माणसाचे दुहेरी नुकसान होते. तुमच्या तालुक्यात डीईसी आणि अल्बेंडाझोल या दोनच कृमिनाशक गोळ्या देतात, की आयव्हरमेक्टिनसह तीन, यावरही तुम्ही काय सांगावे हे ठरेल. तीन औषधांच्या उपचारासाठी निवडलेल्या देशातील पहिल्या काही जिल्ह्यांत आपले नागपूर होते. त्यात आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवरून ठरत असल्यामुळे माणसांना पट्टीजवळ उभे करावे लागते, आणि उंची का मोजतात हे आधी सांगितले नाही तर तेवढ्यावरूनही नवी शंका निघते.

आता एकेक समजूत घेऊ. चिखलाची समजूत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती अर्धी बरोबर आहे. हत्तीरोगाचे जंतू, म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, रसवाहिन्यांत राहतात. तेथून अंगातील रस वाहून नेण्याचे काम बिघडले की पाय किंवा वृषण हळूहळू सुजू लागते. हे चिखलामुळे होत नाही. मात्र रुग्णाला वारंवार येणारा ताप, लाल होऊन ठणकणारा पाय आणि जांघेतील अवधाण हे बहुतेक वेळा त्वचेतून शिरलेल्या साध्या जिवाणूंमुळे होते. त्यांना आत शिरायला वाट कोण देते? पायाच्या बोटांमधील चिखल्या, टाचेच्या भेगा, काट्याची जखम. रोवणीच्या दिवसांत बाई दिवसभर बांधीत वाकून उभी असते, बोटांमधली कातडी पांढरी पडून फाटते आणि आठवडाभरात ताप येतो. तिने पाहिलेले खोटे नाही. तिने रोगाचे मूळ आणि तापाचा झटका यांना एकच मानले आहे, एवढेच. आपण "चिखलाने काही होत नाही, डासाने होते" असे म्हणतो, तेव्हा तिच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आपण नाकारतो, आणि पुढचे सगळे तिच्या कानांवरून जाते. त्याऐवजी "रोग डासाने शिरतो, पण ताप चिखल्यांतून येतो, म्हणून दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा करायचा" असे सांगितले तर ती मान डोलावते, कारण तिचा अनुभव त्यात बसतो.

अमावास्या-पौर्णिमेची समजूत मी पूर्व विदर्भाबाहेरच्या कर्मचाऱ्यांकडूनही ऐकली आहे. ती वाद घालून जात नाही, पण मोजून पाहता येते. एका गावात हत्तीपाय असलेल्या एका काकूंना मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तापाच्या दिवसाभोवती गोल करायला सांगितले होते. वर्षाअखेर सात गोल झाले. त्यांतील दोनच अवसे-पुनवेच्या आगेमागे होते आणि पाच आषाढ ते भाद्रपद या महिन्यांतले होते. कॅलेंडर पुढे धरून त्या स्वतःच म्हणाल्या, "हे त पाण्याच्या दिवसाईतच येते जी." एका रुग्णाच्या नोंदीवरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या घरापुरती तिथीची भीती तेथे संपली आणि पायाची काळजी सुरू झाली. तुमच्या सातही रुग्णांना पेन्सिल द्या. नोंद त्यांची राहू द्या आणि निष्कर्षही त्यांनाच काढू द्या.

घराण्याच्या समजुतीतही निरीक्षण खरे आहे: सासू, मुलगा आणि नातू अशा तिघांना रोग झालेली घरे मीही पाहिली आहेत. परंतु ते एकाच घरात, एकाच तुंबलेल्या नालीशेजारी, एकाच डासांच्या थव्यात वर्षानुवर्षे झोपलेले असतात. मूल जन्मताना हा रोग घेऊन येत नाही. हे समजावणे केवळ गोळीसाठी गरजेचे नाही. घराण्याच्या डागामुळे मुलींची लग्ने अडतात, लोक वृषणाची सूज धोतराखाली लपवतात आणि सून माहेरी परत पाठवली जाते. शिवाय ज्या घरात रुग्ण नाही ते घर "आमच्या घराण्यात नाही" म्हणून गोळी नाकारते. तुमच्या निम्म्या घरांपैकी कितीतरी घरे या एका कारणाने सुटत असतील, ते यादी घेऊन तपासून पाहा.

लोकांच्या निरीक्षणाविषयी आदर बाळगावा असे मी म्हणतो, त्याला जुना आधारही आहे. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटले आहे, आणि जेथे जुने साठलेले पाणी पुष्कळ असते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतो तेथे तो विशेष करून होतो, असे तेथे नोंदले आहे. जागा अचूक हेरली होती, मधला दुवा तेवढा दिसला नव्हता. रक्तातील सूक्ष्म कृमी १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी दाखवले, आणि ते डासाच्या शरीरात वाढतात हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ च्या सुमारास चीनमधील अमॉय येथे पाहिले. जो दुवा शोधायला सूक्ष्मदर्शक आणि इतका काळ लागला, तो एका सभेत पटावा अशी अपेक्षा आपण का धरावी?

डासाचे सांगणे पटत नाही याचे आणखी एक साधे कारण आहे. हिवतापात डास चावल्यानंतर दहा-पंधरा दिवसांत थंडी वाजते, म्हणून कारण आणि परिणाम माणसाला जवळजवळ दिसतात. हत्तीरोगात तसे होत नाही. एक-दोन चाव्यांनी हा रोग सहसा होत नाही. दूषित डास महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चावत राहावे लागतात, आणि पाय दिसण्याइतका सुजेपर्यंत आणखी कित्येक वर्षे जातात. लहानपणी शिरलेला कृमी चाळिशीत पाय दाखवतो, हे कोणत्या अनुभवावरून ओळखावे? त्यातच हा डास क्यूलेक्स जातीचा, घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री चावणारा. बांधीतील पाण्यापेक्षा घरामागची नाली, शौचालयाची टाकी आणि न्हाणीचे साचलेले सांडपाणी हे त्याचे घर आहे. सभेत डासाचे चित्र दाखवण्यापेक्षा त्या नालीतील पाणी वाटीत घेऊन वळवळणाऱ्या अळ्या दाखवा. शौचालयाच्या वायुनळीला जाळी बसवणे, शोषखड्डा करणे, साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडणे ही कामे ग्रामपंचायतीकडून करून घेण्यासाठी ती वाटी फार उपयोगी पडते.

रात्रीच्या रक्ताविषयीही लोकांच्या मनात शंका असते. दिवसा का घेत नाही, रक्ताचे पुढे काय करता, असे आम्हाला कितीतरी वेळा विचारले गेले. हे सूक्ष्म कृमी दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान, सर्वांत जास्त संख्येने बाहेरच्या रक्तात येतात, म्हणजे डासाच्या वेळेला. शक्य असेल तर तालुक्याच्या प्रयोगशाळेत एखाद्या शिक्षकाला किंवा पोलीस पाटलाला तो नमुना सूक्ष्मदर्शकातून पाहू द्या. एका माणसाने पाहिलेले गावभर जाते.

आता गोळीकडे येतो. नकारामागे माझ्या अनुभवात चार कारणे असतात आणि त्यांतील एकही वेडगळ नाही. पहिले, "मला काही झालेले नाही, मग औषध कशाला?" येथे एक गोष्ट शांतपणे सांगावी लागते: ज्याचा पाय सुजलेला आहे त्याच्या रक्तात बऱ्याचदा सूक्ष्म कृमी सापडत नाहीत, तर ज्याच्या अंगावर काहीच लक्षण नाही अशा धडधाकट माणसाच्या रक्तातून डास ते उचलतो. गाव ज्याच्या जवळ बसायला कचरते, त्याच्यापासून बहुधा धोका नसतो. दुसरे कारण गर्भवतीविषयीचे. गर्भवतींना आणि दोन वर्षांखालील बालकांना ही औषधे देत नाहीत. लोक त्यावरून "म्हणजे वंशावर परिणाम होतो" असा अर्थ काढतात आणि तेथून पुरुषत्वाची अफवा निघते. गर्भारपणी कोणतेही टाळण्यासारखे औषध टाळतात, इतकेच त्यामागे आहे, हे कोणी विचारण्याआधीच सांगा. आणि अफवेला सर्वांत चांगले उत्तर म्हणजे तुम्ही, आशाताई आणि सरपंच यांनी चावडीवर सर्वांदेखत आधी गोळ्या खाणे.

तिसरे कारण गोळीनंतर येणारा ताप, डोकेदुखी, मळमळ. याबद्दल आपण अनेक वर्षे "काही होत नाही" असे सांगितले आणि विश्वास गमावला, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेकांना काही होत नाही हे खरे, पण ज्यांच्या रक्तात कृमी जास्त असतात त्यांना ते मरताना एक-दोन दिवस त्रास होऊ शकतो. हे आधी सांगा, उपाशीपोटी गोळ्या देऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीत स्वतः फिरा. मात्र ताप आलेल्या माणसाला चारचौघांत "म्हणजे तुमच्या अंगात जंतू होते" असे म्हणू नका. औषध काम करते हे त्यातून सिद्ध होत असले, तरी त्या माणसाच्या घरावर तो शिक्का कायमचा बसतो, आणि काही वेळा तो ताप दुसऱ्याच कारणाचा असतो. तसे सांगायचेच असेल तर त्याच्या घरी, एकट्याला सांगा.

चौथे कारण मला सर्वांत मोठे वाटते आणि आपल्या सभांत त्याचा उल्लेखही होत नाही. देशात ही वार्षिक मोहीम २००४ पासून चालू आहे. गावाने पाहिले की ते सात रुग्ण दर वर्षी गोळ्या खातात आणि त्यांचे पाय जसेच्या तसे आहेत. मग गावाने गोळीवर विश्वास का ठेवावा? या गोळ्या रक्तातील सूक्ष्म कृमी मारतात आणि प्रसार थांबवतात, पण वर्षांपूर्वी बिघडलेल्या रसवाहिन्या दुरुस्त करत नाहीत. मोठा कृमी शरीरात सहा ते आठ वर्षे जगतो आणि गोळीने तो हमखास मरत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी ती प्रत्यक्ष गिळली तरच फेरीचा उपयोग होतो. हे आपण सांगितले नाही, म्हणून गावाने सुजलेल्या पायावरून गोळीची परीक्षा घेतली, आणि त्या परीक्षेत गोळी नापास झाली.

म्हणून माझा सल्ला असा आहे की पुढची सभा घेऊ नका, त्या सात पायांपासून सुरुवात करा. प्रत्येकाच्या घरी बसून पाय स्वच्छ, साध्या पाण्याने आणि साबणाने हलक्या हाताने धुऊन दाखवा. बोटांमधील जागा मऊ कापडाने टिपून कोरडी करा. चिखल्या असतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेले मलम लावा. बसताना आणि झोपताना पाय उंचावर ठेवणे, टाच वर-खाली करण्याचा व्यायाम आणि मापाची, न रुतणारी चप्पल याही गोष्टी दाखवा. बादली, मग, टॉवेल, साबण आणि मलम यांचा संच आरोग्य खात्याकडून मिळतो, तो मागून घ्या. पाय धुताना तो तुमच्या हातात घ्या. शेजारी ते पाहत असतात, आणि स्पर्शाने हा रोग लागत नाही हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही. ताप चढलेला असताना चोळणे, शेकणे, चीर देणे टाळायचे, विश्रांती घ्यायची, थंड पाण्याची घडी ठेवायची आणि दवाखान्यात यायचे, हेही घरच्यांना शिकवा. ज्यांना अंडवृद्धी आहे त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया आहे आणि त्यानंतर बहुतेक माणसे पुन्हा कामाला लागतात. लाजेमुळे ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून पुरुष कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन एकेकाशी बोला.

माझ्या एका गावात रोज पाय धुण्याची सवय लागल्यावर एका वर्षात एका रुग्णाचे तापाचे झटके सहावरून एकावर आले. पाय पूर्ववत झाला नाही, पण तो माणूस रोवणीला जाऊ लागला आणि त्याची मजुरी बुडेनाशी झाली. पुढच्या मोहिमेत त्याच्या आळीतील सर्व घरांनी गोळ्या खाल्ल्या. आम्ही तेथे भाषण केले नव्हते.

पुजाऱ्याचाही, म्हणजे गावात दोरा-पाला देणाऱ्या माणसाचाही, विचार करा. तुमचे रुग्ण आधी त्याच्याकडे गेलेले असतात आणि पुढेही जातील. त्याला भोंदू ठरवून काही साधणार नाही. त्याच्या घरी जा, चहा घ्या आणि दोनच गोष्टी मागा: सुजलेल्या पायाला घट्ट दोरा बांधू नये, आणि जखमेवर पाल्याचा लेप लावू नये. दोरा बांधायचाच तर मनगटाला बांधावा. मी अशी विनंती केलेल्या पुजाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती मानली, आणि दोघे स्वतः रुग्ण घेऊन उपकेंद्रात आले.

म्हणजे क्रम असा: आधी पाय, मग तापाची नोंद, मग नालीतील अळ्या आणि शेवटी गोळी. वेळेविषयीही थोडे सांगतो. मोहीम फेब्रुवारीत असेल तर त्या सुमारास मिरची तोडायला तेलंगणात गेलेली कुटुंबे यादीतून वजा होतात. ती कधी परततात ते आशाताईंना माहीत असते, म्हणून त्यांच्यासाठी राखीव दिवस मागून घ्या. मोहीम ऑगस्टमध्ये असेल तर सकाळी बायका न जेवता बांधीवर गेलेल्या असतात. संध्याकाळच्या जेवणानंतर जा, गोळी हातात ठेवून निघू नका, अल्बेंडाझोल चावून खाल्लेली पाहा आणि मगच बोटाला शाई लावा. "ठेवून जा, रात्री खातो" असे म्हणणारा माणूस नम्रपणे नकारच देत असतो. त्याच्याशी तेथे वाद न घालता कारण विचारून वहीत लिहून घ्या. कारणांची ती वही तीन महिन्यांनी तुम्हाला माझ्या या उत्तरापेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण ती तुमच्या गावाची असेल.

पहिल्या भेटीसाठी त्या सातांपैकी जिचा पाय सर्वांत कमी सुजला आहे अशी व्यक्ती निवडा, कारण सुरुवातीच्या सुजेत फरक लवकर दिसतो. ती भेट पावसाळ्याआधी, चिखल्या होण्यापूर्वी झाली पाहिजे.